वाऱ्याचा डोळा

दांडिया बाजारात, चेवड्याच्या दुकानावर
माझा इंग्रजीचा क्लास.
तळणीचा वास जिन्याने आधी चढतो,
मुलं मागाहून.
सहा खुर्च्या, एक फळा, एक खिडकी.
सगळ्यांना परदेशी जायचंय,
सगळ्यांना साडेसहा बँड हवेत.

धर्मिष्ठा वणकर, नर्स, रात्रपाळी करून आलेली,
डोळे चोळत विचारते:
मॅम, नाइफमधला के बोलायचा नाही
तर लिहायचा कशाला?

गाइडात उत्तर नव्हतं.
विश्वामित्रीच्या पुलावरून येतेस ना, म्हटलं,
मगर दिसते?
रोज नाही.
मग उतरशील पाण्यात?

वर्ग हसला.
के तसाच आहे, म्हटलं. हजार वर्षांपूर्वी
काठावर पडून ऊन खायचा,
लोक क्नीफ म्हणायचे, दातांत अडकेल असं.
मग बुडी मारून बसला.
गेला नाहीये.

त्या दिवशी पोर्शन राहिला बाजूला.
सांगत सुटले: होड्यांतून आलेली एक टोळी,
तिच्या मागून उत्तरेची दुसरी, कुऱ्हाडी घेऊन.
लुटायला आले आणि राहिले. सोयरिकी झाल्या.
भांडता नांदता शब्दांचे प्रत्यय झिजले
उंबऱ्यासारखे.
विंडो त्यांचाच.
मुळात वाऱ्याचा डोळा.
काच कुठली तेव्हा, भिंतीला नुसतं भोक,
थंडी त्यातून आत बघायची.

आणि आपला गवाक्ष? गायीचा डोळा.
त्यांचा डोळा आणि आपला अक्ष
एकाच घरचे, फार पूर्वी
वाटण्या होऊन गेलेले.

मग घोड्यांवरून उतरले फ्रेंच बोलणारे सरदार.
राखणाऱ्याच्या तोंडी ती शीप,
सरदाराच्या ताटात मटन.
तीनशे वर्षं दरबाराची भाषा एक, गोठ्याची एक.

मागून वीरेन म्हणाला,
मॅम, म्हणजे तुम्ही लोक.

सहज म्हणाला तो. मी खडू खाली ठेवला.
खरंय.
आमचा कोणी खापरपणजोबा
गायकवाडांच्या फौजेमागून आला, मोडीत हिशेब लिहीत.
हुकूम मराठीत, भाजीवालीशी गुजराती.
आज माझी लेक सांगते,
आई, बारी उघड, शाक वघारतेय, धूर झालाय.
पूर्वी मी सुधारायचे,
खिडकी म्हण, फोडणी म्हण.
आता उठते नि बारी उघडते.

आणि इंग्रजीत तुमचं काय, मॅम?
मुंगूस, म्हटलं.
कोणी तरी इथल्या किनाऱ्यावरून उचललं,
उच्चार वाटेत सांडत नेलं.
एवढंसं जनावर, पण मगरीच्या भाषेत
बीळ करून बसलंय.

मार्चमध्ये धर्मिष्ठा लेस्टरला गेली.
वृद्धांचं घर, तिथेही रात्रपाळीच.
परवा तिचा आवाज आला फोनवर:
मिसेस थॉर्प, वय ब्याण्णव,
रात्रीतून दहादा विंडो उघडायला लावते.
एकदा दमून हिच्या तोंडून निघालं, बारी?
तेव्हापासून म्हातारी
बोट दाखवते नि बारीच म्हणते.
मागे ऐकूही येतं, कापरं,
र अर्धा वळलेला.

हा शब्द कुठल्याच कोशात जायचा नाही.
एका खोलीपुरता आहे,
एका म्हातारीपुरता.
मी तो तीनदा ऐकला.
फीचे पाचशे अजून बाकी आहेत धर्मिष्ठाचे,
मागावेसे वाटले नाहीत.

नवी बॅच बसलीय. खाली तेल तापतंय.
पहिल्या खुर्चीतल्या पोराने
नाइफ लिहिलाय, के गाळून.
मी लाल पेनाने तो परत आणला.
मगर पाण्यात.